राळेतली मुंगी

माझे मामा निपाणीजवळ तंबाखू करतात. मी बेळगावात प्राणिशास्त्र शिकवते. वाद घालायची हौस दोघांनाही आहे, त्यामुळे सुट्टीत मी आजोळी गेले की विषय कुठलाही असो, जेवणं व्हायच्या आत तो पेटतो. या खेपेला विषय होता एका मुंगीचा. तिची अख्खी प्रजाती पृथ्वीवरून नाहीशी झाली आहे. झाडाच्या राळेत अडकलेले तिचे काही देह, राळेचा अंबर झाल्यामुळे, आपल्यापर्यंत पोचले एवढंच. तो वाद जवळजवळ जसा झाला तसा इथे मांडते आहे. मामांची बाजू आमच्या विज्ञान विभागांत सहसा कुणी बोलून दाखवत नाही, आणि ती ऐकली जावी असं मला मनापासून वाटतं.

मामा: काय बघालीस गं मघापासनं?

मी: मुंगीचा फोटो, मामा. हैडोमिर्मेक्स. ब्रह्मदेशातल्या अंबरात सापडलेली.

मामा: मुंगी बघायला ब्रह्मदेशात कशाला जायला पाहिजे? आपल्या परड्यात काय कमी हाईत?

मी: अशी एकही नाही. हिचे जबडे बघा. परड्यातली मुंगी चावते तेव्हा तिचे दोन जबडे डावीकडून आणि उजवीकडून जवळ येतात. आज मुंग्यांच्या चौदा हजारांहून जास्त जाती माहीत आहेत, त्या सगळ्या अशाच आडव्या चावतात. हिचे जबडे तोंडापासून खाली उतरतात, मग काटकोनात वर वळतात आणि त्यांची टोकं कपाळाकडे जातात. ही भक्ष्याला खालून वर दाबायची. या गटाला ‘नरकमुंग्या’ म्हणतात.

मामा: दाबायची म्हंजे? चावताना कुणी बघितली हाय काय?

मामांची ही पहिलीच शंका नेमकी होती. मेलेल्या प्राण्याच्या आकारावरून त्याची हालचाल सांगणं हे जीवाश्मशास्त्रातलं रोजचं काम, आणि रोजचा धोकाही. म्हणून मी त्यांना सगळा क्रम सांगितला. हैडोमिर्मेक्स सर्बेरस हे नाव १९९६ मध्ये मॉस्कोच्या गेन्नादी द्लुस्की यांनी दिलं. त्यांच्यापुढे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधला अंबराचा तुकडा होता. तोंडाच्या वरच्या भागावर लांब केस होते. त्या केसांना भक्ष्याचा स्पर्श झाला की जबडे फटकन मिटत असावेत, असा अंदाज त्यांनी केला. त्यानंतर नरकमुंग्यांच्या आणखी प्रजाती सापडत गेल्या. फ्रान्सच्या अंबरातून २००८ मध्ये हैडोमिर्मोडेस आली, कॅनडाच्या अंबरातून २०१३ मध्ये हैडोटर्मिनस आली. २०१६ मध्ये ब्रह्मदेशातूनच सेराटोमिर्मेक्स आली, तिच्या कपाळावर लांब शिंग होतं. ते शिंग कशासाठी, यावर तर्क चालू होते. मग २०२० मध्ये फिलिप बार्डेन, व्हँसाँ पेरिशो आणि बो वांग यांनी एक तुकडा जगापुढे ठेवला. त्यात सेराटोमिर्मेक्सनं एका किड्याचं पिल्लू पकडलेलं आहे. किडा झुरळांच्या दूरच्या नात्यातला, तोही आज नष्ट झालेला. त्याची मान खालून जबड्यांनी आणि वरून शिंगानं दाबलेली आहे. शिकार चालू असतानाच वरून राळ ओघळली.

मामा: म्हंजे बघितलीच म्हणायची.

मी: हो. द्लुस्की २०१४ मध्ये वारले. त्यांना ते बघायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मामा: किती जुनी म्हणालीस?

मी: ब्रह्मदेशातला हा अंबर ज्या खडकात मिळतो, त्यातल्या झिर्कॉन या खनिजाच्या कणांवरून २०१२ मध्ये वय काढलं. साधारण नऊ कोटी नव्वद लाख वर्षं. आपल्या तवंदी घाटात रस्त्याकडेला जो काळा दगड कापलेला दिसतो, तो लाव्हा साडेसहा कोटींच्या आसपासचा. ही मुंगी शिकार करत होती तेव्हा निपाणीखालचा दगड अजून वितळून वर यायचा होता. हिंदुस्थान मादागास्करला चिकटलेला होता, दक्षिणेकडच्या समुद्रात.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मला वाटलं पटलं. पण ते वेगळ्याच वाटेनं विचार करत होते.

मामा: बरं, हिची प्रजात वेगळी हे एका तुकड्यावरनं ठरवलं ना त्या माणसानं?

मी: सुरुवात तशीच झाली. पुढे हैडोमिर्मेक्सच्या आणखी जाती सापडल्या.

मामा: मला ती सुरुवातच पटत न्हाई. वखारवाला ढिगातलं एक पान उचलायचा, चुरगाळून नाकाला लावायचा आणि अख्ख्या वर्षाच्या मालाचा भाव सांगायचा. वरचं पान भिजलेलं असलं की सगळा ढीग भिजलेला. आम्ही काय बोलणार? तुमच्या शास्त्रात पण एका पानावरनंच निकाल?

हा सवाल मी टाळला नाही, कारण त्याचं उत्तर द्लुस्कींच्या त्याच लेखात आहे. त्यांनी १९९६ च्या त्या लेखात अंबरातल्या आणखी एका कीटकाला मुंगी ठरवून त्याची वेगळी प्रजाती केली होती, बर्मोमिर्मा. त्या नमुन्याला डोकंच नव्हतं. बावीस वर्षांनी, २०१८ मध्ये, लुसेना आणि मेलो या दोन ब्राझिली अभ्यासकांनी दाखवलं की ती मुंगी नाहीच, ती एका वेगळ्या कुळातली गांधीलमाशीच्या नात्यातली माशी आहे. एकाच लेखकाचे, एकाच लेखातले, एकाच संग्रहावरचे दोन निकाल. एक टिकला, एक पडला.

मामा: बघ. अर्धा माल खोटा निघाला.

मी: पण तो खोटा आहे हे बाहेर कसं आलं? नमुना संग्रहालयात होता, वर्णन छापलेलं होतं, शंका आली तर ते पुन्हा तपासता येत होतं. तुमच्या वखारवाल्याचा निकाल पुन्हा तपासायला कुणाला मुभा होती?

मामा: न्हवती.

मी: फरक तिथेच आहे. प्रजातीचं नाव हा शेवटचा शब्द नसतो. तो दावा असतो, आणि पुरावा दावा करणाऱ्याच्या खिशात राहून चालत नाही. आपल्याकडचीच गोष्ट सांगते. रॉबर्ट रॉटन नावाचे जंगल खात्यातले इंग्रज अधिकारी पुण्यात असायचे. मुंग्या गोळा करायचा त्यांना नाद. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९२ मध्ये त्यांनी ‘अवर अँट्स’ म्हणून लेख लिहिले. ते मुंग्या स्वित्झर्लंडला ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे पाठवत. फोरेल मनोविकारांचे डॉक्टर, पण मुंग्यांचे जगातले मोठे जाणकार. पुण्याकडून आलेल्या एका बारीक मुंगीवरून १८९० मध्ये त्यांनी एमेरिया नावाची नवीन प्रजात केली. दोन वर्षांत त्यांचं त्यांनाच उमगलं की गफलत नरांमुळे झाली. बहुतेक मुंग्यांच्या नरांना पंख असतात. या मुंगीचे काही नर बिनपंखी, कामकरी मुंगीसारखे दिसणारे. ते बाजूला ठेवले तर मुंगी आधीच माहीत असलेल्या कार्डिओकॉन्डिला या प्रजातीतली. एमेरिया हे नाव गेलं, मुंगीच्या नावात रॉटन तेवढे राहिले: कार्डिओकॉन्डिला रॉटनी.

मामा: आपणच केलेलं नाव आपणच पुसलं?

मी: स्वतःच.

मामा: मग माणूस चांगला.

फोरेलना ही संधी मिळाली कारण कार्डिओकॉन्डिला जिवंत आहे. आणखी वारुळं उकरता येतात, आणखी नर मिळतात. नष्ट झालेल्या प्रजातीला ती सोय नाही. सापडलेले तुकडे हीच तिची सगळी इस्टेट. म्हणून त्या तुकड्यांना मी इतकं जपायला सांगते. मामांना मात्र यातून उलटाच मुद्दा मिळाला.

मामा: जिवंत मुंग्या उकरता येत असताना मेलेल्यांच्या मागं का लागता तुम्ही? तिलारी, आंबोली, चोर्ला, सगळा घाट उशाला हाय. तिथल्या किती मुंग्या तुमच्या पुस्तकात आल्या? तिथलं जंगल तुटालंय. ते आधी बघायचं सोडून कुठं दहा कोटी वर्षांमागं जातीस?

मी: घाटातलं काम कमी झालंय, हे खरं. मी पोरांना तिकडेच पाठवते. आपल्या पश्चिम घाटात हार्पेग्नाथोस सॉल्टेटर म्हणून उड्या मारणारी मुंगी आहे. जेर्डननं १८५१ मध्ये तिचं वर्णन केलं. लांब जबडे, मोठे डोळे, एकटी हिंडून शिकार करते. राणी मेली की तिच्या कामकरी मुंग्या आपसांत झुंजतात आणि त्यांतल्या काही अंडी घालायला लागतात. तेव्हा त्यांचा मेंदू आकाराने लहान होतो. त्यांना पुन्हा कामकरी व्हायला लावलं तर तो पुन्हा वाढतो, असं २०२१ मध्ये प्रयोगात दिसलं. तिचा अभ्यास सोडा असं मी कधीच म्हणणार नाही.

मामा: मग झालं की.

मी: नाही झालं. फक्त जिवंत मुंग्याच बघितल्या तर आपण म्हणू, मुंगीचा जबडा आडवाच असतो, दुसरा प्रकार शक्यच नाही. त्या चौदा हजार जाती एकमुखानं तेच सांगतील, आणि ते चुकीचं असेल. मुंग्यांच्या इतिहासात उभ्या जबड्याचं एक मोठं घराणं होऊन गेलं. ब्राझीलच्या क्राटोमधल्या चुनखडकात व्हल्कॅनिड्रिस नावाची नरकमुंगी मिळाली, अकरा कोटी तीस लाख वर्षांपूर्वीची. २०२५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आज माहीत असलेली ती सर्वांत जुनी मुंगी. कॅनडातली हैडोटर्मिनस सात कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वीची. म्हणजे किमान साडेतीन कोटी वर्षं हा गट ब्राझीलपासून ब्रह्मदेशापर्यंत आणि फ्रान्सपासून कॅनडापर्यंत जगत होता. त्याला फसलेला प्रयोग म्हणता येणार नाही, मामा. माणूस या जातीचं सगळं आयुष्य त्यापुढे काहीच नाही.

मामा: आणि मग?

मी: मग थांबला. त्यानंतरच्या अंबरात ते जबडे पुन्हा दिसत नाहीत. बाल्टिक समुद्राकाठचा अंबर बराच अलीकडचा. त्यातल्या किड्यांमध्ये शंभरात साधारण पाच मुंग्या, आणि त्या सगळ्या आडव्या जबड्याच्या. त्यांत ओइकोफिला आहे, आपल्या कोकणात आंब्यावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची प्रजात. ती आज युरोपात कुठेही नाही, आपल्याकडे मात्र आहे. कोण उरलं आणि कोण गेलं, हे जिवंतांकडे बघून कळत नाही.

इथे मामी ताक घेऊन आल्या. मामांनी ताक संपवलं आणि ते ज्या ठिकाणी आले, त्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसले.

मामा: तो लंडनचा तुकडा लंडनला गेला कसा?

मी: आर. सी. जे. स्विनहो नावाचे एक इंग्रज गृहस्थ मंडालेत राहायचे. त्यांनी हुकाँगच्या खोऱ्यातला अंबर जमवला आणि पाठवला. टी. डी. ए. कॉकरेल यांनी त्यातल्या किड्यांवर पहिला लेख १९१६ मध्ये लिहिला.

मामा: मंडाले म्हंजे टिळकांचं मंडाले?

मी: तेच. १९०८ ते १९१४ टिळक तिथे तुरुंगात होते. सुटून आले आणि १९१६ च्या एप्रिलात आपल्या बेळगावात त्यांनी होमरूल लीग काढली. कॉकरेलचा लेख त्याच वर्षी छापून आला. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत इंग्रजी हिंदुस्थानातच होता.

मामा: म्हंजे माणूस इकडनं तिकडं कोंडायला न्यायचा आणि माल तिकडनं लंडनला.

मी: हो. पण एक लक्षात घ्या. तो तुकडा नोंद होऊन तिथे पोचला, म्हणून ऐंशी वर्षांनी रशियातला माणूस त्यावर काम करू शकला. कॉकरेल यांनी तर किड्यांचं रूप बघून, हा अंबर लोक समजतात त्यापेक्षा फार जुना असेल, अशी शंका तेव्हाच घेतली होती. ती खरी ठरली.

मामा: आणि आता? आता कोण खणतं?

हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली आला असावा. हुकाँगचं खोरं काचिन राज्यात आहे. तिथे काचिनांची स्वातंत्र्यसेना आणि म्यानमारचं लष्कर यांच्यात अनेक वर्षं लढाई चालली आहे. माणूस जेमतेम मावेल अशा अरुंद, खोल, उभ्या खड्ड्यांत उतरून लोक अंबर काढतात. जून २०१७ मध्ये लष्करानं हेलिकॉप्टरमधून पत्रकं टाकून तनाईजवळच्या खाणींच्या भागातल्या लोकांना निघून जायला सांगितलं आणि तो भाग ताब्यात घेतला. अंबर बहुतांश चीनच्या युन्नान प्रांतात, तेंगचोंगच्या बाजारात जातो. २०२० मध्ये पृष्ठवंशी प्राण्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय सोसायटीनं नियतकालिकांना विनंती केली की २०१७ नंतर तिथून निघालेल्या अंबरावरचे लेख तूर्त छापू नका. अभ्यासकांत फूट पडली. अजून आहे.

मामा: तू कुठल्या बाजूची?

मी: सांगते, पण चिडू नका. मला बंदी पूर्ण पटत नाही. अभ्यासकानं घेतला नाही म्हणून खाण थांबत नाही. बाजार दागिन्यांचा आहे. तो तुकडा कुणाच्या तरी माळेत जातो. घासताना आतला किडा आडवा आला तर तोही घासला जातो. शिकार धरलेली ती सेराटोमिर्मेक्स माळेत ओवली गेली असती तर आपल्याला उभा जबडा कधीच सिद्ध करता आला नसता. एकदा गेलेली वस्तू परत येत नाही, मामा.

मामा: हे मी १९८१ साली ऐकलंय.

मी: काय?

मामा: हेच. ‘मी घेतला न्हाई तर दुसरा घेईल, तुझा माल कुजण्यापेक्षा बरा.’ वखारवाला हेच म्हणायचा, आणि खोटं पण न्हवतं त्यात. माल खरंच कुजायचा. म्हणून तर पुणे-बंगळूर रस्त्यावर बसलो शेतकरी नेते शरद जोशींच्या मागं. पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली. मी त्या रस्त्यावर होतो. घेणारा दर बारी म्हणतो, माझ्या घेण्यानं काय बिघडतं, मी न घेतल्यानं काय थांबतं. सगळे घेणारे मिळूनच बाजार होतो. तुझा अभ्यासक चार पैसे जास्तच देत असणार, किडा असलेल्या तुकड्याला.

हे खरं आहे. किडा असलेल्या तुकड्याला साध्या तुकड्यापेक्षा जास्त भाव मिळतो, आणि अभ्यासक नि संग्राहक हेच त्याचं मोठं गिऱ्हाईक. मी ते मान्य केलं. तरी एक गोष्ट मी सोडली नाही: २०१७ पूर्वी निघालेले, संग्रहालयांत पोचलेले हजारो तुकडे आहेत. त्यांवरचा अभ्यास थांबवून काचिनमधल्या कुणाचंही भलं होत नाही. मामांनी हे ऐकून घेतलं. पटलं असं म्हणाले नाहीत.

मामा: दुसरीकडं कसं करतात? ते ब्राझीलचं?

मी: ब्राझीलमध्ये १९४२ पासूनच कायदा आहे, जीवाश्म सरकारचे. तरी क्राटोचे जीवाश्म चोरून बाहेर जात राहिले. उबिराजारा नावाचा एक डायनासोर जर्मनीत गेला होता, तो भांडून २०२३ मध्ये परत आणला. आणि ती सगळ्यांत जुनी मुंगी साव पावलोच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात होती. तिथल्याच अँडरसन लेपेको यांनी संग्रह चाळताना ती ओळखली.

मामा: आणि आपल्याकडं अंबर न्हाईच?

मी: आपल्या काळ्या दगडात कुठून असणार? पण सुरत जिल्ह्यात आहे. वस्तान आणि तडकेश्वर इथे लिग्नाइटच्या, म्हणजे कच्च्या कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. त्यात पाच कोटी वर्षांहून जुना अंबर मिळतो. २०१० मध्ये येस रुस्ट, लखनौच्या बिरबल सहानी संस्थेचे हुकम सिंह, अशोक सहानी, न्यूयॉर्कचे डेव्हिड ग्रिमाल्डी वगैरेंनी मिळून त्यावरचा पहिला मोठा लेख लिहिला. दीडशे किलो अंबर, त्यात सातशेहून जास्त किडे नि कोळी. तोपर्यंत समज असा की हिंदुस्थान समुद्रात एकटाच कोट्यवधी वर्षं तरंगत उत्तरेला आला, तेव्हा इथले किडे जगावेगळे असणार. निघाले उलटे. त्यांची नाती युरोपाशी, आशियाशी, लांब अमेरिकेशीसुद्धा जुळली. आणि ती राळ सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची. आपल्याकडे दुकानात राळ मिळते ना, धुपात घालायची, त्याच घराण्यातली. मुंबईच्या आयआयटीतल्या सूर्येंदु दत्ता यांनी सहकाऱ्यांबरोबर रसायनांवरून २०११ मध्ये मांडलं की ही झाडं हिंदुस्थानातूनच पुढे आशियात पसरली.

मामा: बघ की! आणि तू ब्रह्मदेशाचं घेऊन बसलीस.

मी: अजून ऐका. बाल्टिकचा अंबर इतका घट्ट झालेला असतो की किडा आतच बघायचा. सुरतेचा अंबर टोल्युइन नावाच्या द्रावकात अख्खा विरघळतो. पाच कोटी वर्षांचा किडा बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली नुसता ठेवता येतो, पाय, मिशा, सगळ्यासकट.

मामा: मग तिथल्या सगळ्या खाणी विंचरल्या असतील.

मी: नाही. लिग्नाइट विजेसाठी काढतात. जवळच नानी नरोलीला वीजकेंद्र आहे. अंबराचे बारीक तुकडे कोळशाच्या थरात विखुरलेले असतात. वेचला तो वाचला, बाकीचा कोळशाबरोबर भट्टीत.

मामा ताडकन उठून बसले. इतका वेळ ते मला समजावत होते, आता रागावले.

मामा: जाळतात? तिथं गोळीबार न्हाई, लष्कर न्हाई, कुणी अडवत न्हाई, आणि तुम्ही जाळू देता? आणि माझ्यापुढं तेंगचोंगच्या माळेचं दुःख सांगतीस?

मी: माणसं कमी आहेत, मामा.

मामा: निपाणीत वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका बघ जाऊन. चिमटीतनं काडी आणि पान वेगळं करतात, नजर न हलवता. असली माणसं सुरतेला मिळत न्हाईत? त्याला काय शास्त्रज्ञच पाहिजे?

मी: वेचायला नको. पण कुठल्या थरातून वेचला, किती खोलीवर, कुठल्या दिवशी, हे तिथल्या तिथे लिहायला पाहिजे. नाहीतर तो नुसता सुंदर खडा.

मामा: ते लिहायला शिकवायला किती दिवस लागतात? आणि मिळाली त्यात नवी मुंगी, तर वेचणारीचं नाव देता काय तिला?

मी: देतात की. १९६६ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर एडमंड फ्रे नावाच्या निवृत्त गृहस्थांना नि त्यांच्या पत्नीला अंबराचा तुकडा मिळाला. आत दोन मुंग्या. त्यांनी तो अभ्यासकांकडे पोचवला. विल्सन, कार्पेंटर आणि ब्राऊन यांनी १९६७ मध्ये वर्णन केलं. अर्ध्या गांधीलमाशीची, अर्ध्या मुंगीची लक्षणं, डायनासोरांच्या काळातली पहिली खात्रीची मुंगी. नाव दिलं स्फेकोमिर्मा फ्रेयी.

मामा: हे चांगलं केलं. आणि तुझ्या नरकमुंग्यांची नावं?

मी: सेराटोमिर्मेक्स एलेनबर्गेरी. हैडोमिर्मेक्स झिग्रासी.

मामा: ही माणसं खाणीत उतरली होती?

मी: नाही. अंबराचे संग्राहक. त्यांनी नमुने अभ्यासाला उपलब्ध करून दिले.

मामा: विकत घेतले.

मी: हो.

मामा: खाणीत उतरला त्याचं नाव?

मी: या गटात मला तरी दिसलं नाही. त्याचं नाव वर्णन लिहिणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. खाणीतून दलाल, दलालाकडून बाजार, बाजारातून संग्राहक, मग प्रयोगशाळा.

मामा: नाव वाटेत गळालं, मग तारीख तेवढी कशी पोचली? २०१७ च्या आधीचा तुकडा की नंतरचा, हे तुला कोण सांगतं?

मी: विकणारा.

मामा: त्याच्या शब्दावर तू म्हणतीस, आधीचे तुकडे अभ्यासाला चालतील.

इथे माझ्याकडे उत्तर नव्हतं. नमुना पुन्हा तपासता येतो, म्हणून शास्त्राचा निकाल वखारवाल्याच्या निकालापेक्षा वेगळा, असं मीच तासाभरापूर्वी सांगितलं होतं. मुंगीचा जबडा पुन्हा तपासता येतो. तिच्या खाणीची तारीख तपासता येत नाही, आणि ती तारीख आता तिच्या वर्णनाचाच भाग झाली आहे. जुन्या संग्रहांवर काम चालू राहावं हे माझं मत मी बदललेलं नाही. पण कुठलाही संग्रह जुना मानण्याआधी त्याचा खरेदीचा कागद मागितला पाहिजे, आणि कागद नसेल तर तुकडा कितीही अप्रतिम असला तरी बाजूला ठेवला पाहिजे, एवढं मी मामांना कबूल केलं.

मी: द्लुस्कींच्या तुकड्याचं तसं नाही, मामा. त्याच्यामागे संग्रहालयाची नोंद आहे, स्विनहोंचं नाव आहे, काळ आहे.

मामा: आणि स्विनहोला कुणी आणून दिला?

मी: हुकाँगच्या खोऱ्यात खणणाऱ्यांनी. त्यांची नावं तेव्हाही कुणी लिहिली नाहीत.